तारकागुच्छांचे बालपण



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत. म्हणून विषय दूरच्या आकाशातला निवडला असला तरी पद्धत वर्गातलीच ठेवतो. आधी डोळ्यांना दिसते ते पाहू, प्रश्न त्यानंतर विचारू.

कृत्तिका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. नुसत्या डोळ्यांना तेथे सहासात तारे दिसतात. प्रत्यक्षात ते हजाराच्या वर असून सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी एकाच वायुमेघातून जन्मले. आता उन्हाळ्याच्या रात्री वृश्चिकेतील ज्येष्ठेच्या अगदी शेजारी द्विनेत्री रोखा. तेथे एक धुरकट ठिपका दिसेल. तो गोलाकार तारकागुच्छ होय. त्यात लाखाच्या घरात तारे असून त्याचे वय १,२०० कोटी वर्षांच्या आसपास आहे. कृत्तिकांचा सैल मेळा आणखी पंचवीसेक कोटी वर्षांत पांगून जाईल असे गणित सांगते. ज्येष्ठेचा शेजारी मात्र आकाशगंगा घडत होती तेव्हापासून टिकून आहे. एक का पांगतो आणि दुसरा का टिकतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या आकाशगंगेत असे गोलाकार गुच्छ दीडशेहून अधिक आहेत आणि ते सगळे वृद्ध आहेत. त्यावरून असा समज रूढ झाला होता की हे गुच्छ ज्या साच्यातून निघाले तो साचा विश्वाच्या बालपणीच मोडला. या समजाला धक्का बसला तो हबल दुर्बिणीमुळे. १९९५ मध्ये व्हिटमोर आणि श्वाइत्झर यांनी हस्त नक्षत्राच्या दिशेला एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिकांत शेकडो तेजस्वी, निळसर गुच्छ दाखवून दिले. त्यांतील काहींचे वय १ कोटी वर्षांहूनही कमी होते आणि काहींचे वस्तुमान गोलाकार गुच्छांच्या तोडीचे. म्हणजे साचा शाबूत आहे. पुरेसा वायू पुरेशा जोराने दाबला गेला की तो आजही चालतो. आपल्या आकाशगंगेतही धुळीआड दडलेला वेस्टरलुंड-१ हा असाच एक भारी तरुण गुच्छ आहे.

मात्र तपशील पाहायचा तर मोठ्या मॅगेलनी मेघाकडे वळावे लागते. १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरील या छोट्या दीर्घिकेत टॅरंटुला तेजोमेघ आहे आणि त्याच्या गर्भात आर-१३६ नावाचा गुच्छ. आपल्या बेळगावहून तो हिवाळ्यात दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम ५ अंश वर येतो, तेव्हा प्रत्यक्ष दर्शनाची आशा कोणी धरू नये. १९८०च्या सुमारास काही संशोधकांना त्याचा गाभा म्हणजे सूर्याच्या हजारो पटींनी जड असा एकच तारा वाटला होता. १९८५ मध्ये वायगेल्ट आणि बायर यांनी वातावरणाची थरथर गणिताने वजा केली, तेव्हा त्या एका ताऱ्याचे आठ तारे झाले. त्यांतील सर्वांत जड ताऱ्याचे वस्तुमान २०१० मध्ये सूर्याच्या २६५ पट सांगितले गेले; अधिक रेखीव प्रतिमा मिळाल्यावर २०२२ मध्ये ते २०० पटींच्या आसपास उतरले.

या गुच्छाचे वय अवघे १५ ते २० लाख वर्षे आहे आणि याच वयात गुच्छाचे दैव ठरते. मेघातील सगळा वायू ताऱ्यांत रूपांतरित होत नाही. बहुधा निम्म्याहून बराच कमी होतो. पण ताऱ्यांना बांधून ठेवणारे गुरुत्वाकर्षण त्या उरलेल्या वायूचेही असते. भारी तारे पेटले की त्यांचे अतिनील किरण आणि वारे हा वायू हुसकून लावतात. निम्म्याहून अधिक वस्तुमान एकाएकी गेले तर गोफणीची दोरी सुटावी तसे तारे सरळ निघून जातात. वायू सावकाश गेला तर गुच्छ फुगतो, पण टिकतो. चार्ल्स आणि एलिझाबेथ लाडा यांनी २००३ मध्ये दाखविले की आपल्या परिसरात मेघात जन्मलेल्या शंभर गुच्छांपैकी जेमतेम चार ते सात कृत्तिकांच्या वयापर्यंत पोचतात. त्यांनी याला बालमृत्यूच म्हटले आहे.

भारी गुच्छांना येथे एक सवलत मिळते. तापलेला वायू सेकंदाला सुमारे १० किलोमीटर वेगाने पसरतो. गुच्छ इतका दाट असेल की त्याचा मुक्तिवेग याहून अधिक आहे, तर केवळ उष्णतेच्या बळावर वायूला सुटता येत नाही आणि त्यातला अधिक भाग ताऱ्यांच्या कामी येतो. प्रकाशाचा दाब तरीही उरतोच, म्हणून हा नियम सरधोपट लावता येत नाही.

आर-१३६ टिकला आहे काय? याचे उत्तर ताऱ्यांचे वेग मोजून मिळते, आणि येथे एक सुंदर फसगत आहे. भारी तारे बहुतेक जोडतारे असतात. एकमेकांभोवती फिरण्याचा त्यांचा वेग गुच्छातील वेगात मिसळतो. २०१२ मध्ये वेगवेगळ्या रात्रींचे वर्णपट ताडून हे जोडतारे वगळले गेले. वगळले नसते तर वेगांचा पसारा सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर भरला असता आणि गुच्छ फुटत असल्याचा निष्कर्ष निघाला असता. खरा आकडा निघाला ४ ते ५. वेग पाचपट धरला की त्यावरून काढलेले वजन पंचवीसपट होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. गुच्छ समतोलात आहे असे त्या मोजणीने ठरले.

यापुढचे काम मंद आहे. जड तारा हलक्या ताऱ्यांच्या गर्दीतून जाताना मागे खेचला जातो, हे चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे जड तारे गाभ्याकडे बुडतात आणि तेथील धक्काबुक्कीत काही बाहेर फेकले जातात. २०२४ मध्ये गाया यानाच्या मोजमापांवरून आर-१३६ मधून निसटलेले ५५ भारी तारे ओळखले गेले. त्याच वर्षी जेम्स वेब दुर्बिणीला महास्फोटानंतर सुमारे ५० कोटी वर्षांनीच्या एका दीर्घिकेत पाच दाट तरुण गुच्छ आढळले. गोलाकार गुच्छांचे बालपण असेच असावे असे मानायला तो भक्कम आधार आहे.

तरीही आर-१३६ ला भावी गोलाकार गुच्छ म्हणायला मी कचरतो. वृद्ध गुच्छांतील पुष्कळ ताऱ्यांत सोडियम अधिक आणि ऑक्सिजन कमी असतो. तरुण भारी गुच्छांत ही खूण आढळत नाही. शिवाय १,२०० कोटी वर्षे जळू शकतात ते सूर्याहून थोडे हलके तारे. आर-१३६ मधील आज गाजणारा एकही तारा तेव्हा नसेल. जे उरायचे ते लहानगे तारे आज त्याच दिग्गजांच्या झगमगाटात लपले आहेत, आणि गाभ्यातील त्यांची मोजदाद अजून व्हायची आहे.