मुलांचं इंग्रजी बोलणं मोजताना आपण नेमकं काय मोजतो?

(वस्त्यांमध्ये रविवारचे इंग्रजी वर्ग चालवणाऱ्या तरुण स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आवाज ओळखणाऱ्या प्रणालींशी कामामुळे संबंध येतो, आणि नव्याने नोकरीला येणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखतीही घ्याव्या लागतात. त्यामुळे ‘याला इंग्रजी बोलता येतं का?’ हा प्रश्न माझ्यासमोर सतत असतो. आज तो आठ ते बारा वर्षांच्या मुलांबद्दल विचारू या.

या प्रश्नाच्या उत्तरावर आपल्याकडे फार मोठे निर्णय होतात. आपल्या घरांत कोणी दखनी बोलतं, कोणी उर्दू, कोणी कोकणी, कोणी मराठी. मूल पाहुण्यांसमोर इंग्रजीत गप्प बसलं की शिक्का बसतो, ‘इसको इंग्लिश नहीं आती’. मग चांगल्या चाललेल्या उर्दू किंवा मराठी शाळेतून त्याला काढून फी भरून अशा शाळेत घालतात, जिथे नाव इंग्रजी असतं आणि वर्गात इंग्रजी फक्त फळ्यावर असतं. मुलगी असेल तर कधी कधी शिक्षणावरचा खर्चच आखडता घेतला जातो. हे सगळं दोन मिनिटांच्या ऐकण्यावरून. म्हणून मोजमाप नीट हवं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पाचवीत असलेल्या मुलाने निदान चार वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. पण बोलणं तपासायची वेळ आली की आपण भलत्याच गोष्टी तपासतो.

पहिली गोष्ट पाठांतर. मूल ‘माय बेस्ट फ्रेंड’वर दहा वाक्यं धडाधड म्हणून दाखवतं, आपण टाळ्या वाजवतो. त्याला मध्येच विचारा, ‘व्हॉट डिड यू टू प्ले यस्टर्डे?’ बहुतेक वेळा गाडी तिथेच थांबते. दुसरी गोष्ट मोठ्याने वाचणं. ‘असर’च्या पाहणीत मुलाने इंग्रजी शब्द किंवा वाक्य वाचलं की त्याचा अर्थ त्याच्या भाषेत विचारतात, कारण वाचता येणं आणि समजणं वेगळं. बोलणं तर आणखी तिसरं. आणि तिसरी गोष्ट धिटाई. जो मोठ्या आवाजात बोलतो त्याला जास्त गुण. लाजाळू मुलाला येत नाही असं आपण गृहीत धरतो.

जगात लहान मुलांच्या बोलण्याची परीक्षा कशी घेतात, हे पाहण्यासारखं आहे. केंब्रिजच्या मुलांसाठीच्या तीन परीक्षा आहेत, स्टार्टर्स, मूव्हर्स आणि फ्लायर्स. बोलण्याची परीक्षा एका वेळी एकाच मुलाची होते. स्टार्टर्सला तीन ते पाच मिनिटं, फ्लायर्सला सात ते नऊ. आत जाण्याआधी मुलाची भाषा बोलणारी एक व्यक्ती त्याला काय होणार आहे ते त्याच्याच भाषेत समजावते आणि परीक्षकाशी ओळख करून देते. वरच्या पातळ्यांवर दोन चित्रांतले फरक सांगायचे, चित्रं पाहून गोष्ट पुढे न्यायची, स्वतःबद्दल थोडं बोलायचं. मूल अडलं तर परीक्षकाकडे सोपा पर्यायी प्रश्न तयार असतो. शेवटी पास-नापास नाही. प्रत्येक कौशल्याला एक ते पाच ढाली मिळतात, निदान एक सगळ्यांना.

ही परीक्षा द्यायलाच हवी असं मी म्हणत नाही, तिला फी पडते. पण तिच्यातली समज फुकट घेता येते. तिथे शब्दसाठा आणि व्याकरण, उच्चार, आणि संवाद असं वेगवेगळं पाहतात. उच्चार हा तीनपैकी एक भाग आहे. आपण त्यालाच सगळं मानतो.

उच्चारांबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. मन्रो आणि डर्विंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की बोलण्याला परक्या भाषेची छटा असणं आणि बोलणं न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांची ढब ऐकणाऱ्यांना खूप परकी वाटली, त्यांचीही वाक्यं ऐकणाऱ्यांनी अनेकदा अचूक लिहून काढली. डोनाल्ड रुबिन यांचा १९९२ चा अमेरिकेतला प्रयोग आणखी बोलका आहे. एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातलं व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकवलं. काहींसमोर गोऱ्या स्त्रीचा फोटो होता, काहींसमोर आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परकी ढब ऐकू आली आणि त्यांना समजलंही कमी. म्हणजे कानाआधी डोळे निकाल देतात. चेहरा, पेहराव, नाव, वस्ती यांवरून लोक काय काय ठरवतात, हे या खोलीत कोणाला समजावून सांगायला नको. पण मुलांना ऐकताना आपणही तेच करत नाही ना, हे तपासायला हवं.

आता आपल्या मुलांचे उच्चार घ्या. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतला फरक आपल्यापैकी बहुतेकांच्या बोलण्यात नसतो. दखनी-उर्दू बोलणारी काही मुलं ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ म्हणतात. यामुळे कोणाचं काही अडतं का? नाही. उलट उर्दू बोलणाऱ्या मुलाला ‘झेड’चा आवाज घरातूनच येतो, कारण ‘ज़मीन’, ‘बाज़ार’ तो रोज म्हणतो. दुसरीकडे, ‘आय लाइक स्नॅक्स’ म्हणायचं असताना ‘स्नेक्स’ ऐकू आलं तर खाऊचा साप होतो. तिथे सुधारणा हवी. नियम सोपा आहे. अर्थ बदलतो तिथे थांबा, बाकी सोडून द्या.

तुम्ही म्हणाल, मग मोबाइलवरच्या ॲपला तपासू द्या, ते तरी पक्षपात करणार नाही. माझं काम याच क्षेत्रातलं, म्हणून सांगतो. यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करतं आणि त्याला शिकवताना वापरलेल्या आवाजांशी ते जुळवून पाहतं. ‘उच्चार ६२ टक्के’ असं पडद्यावर आलं, तर त्याचा अर्थ साधारण एवढाच की हा आवाज त्या आवाजांशी इतका जुळतो. ते आवाज परदेशातल्या मोठ्या माणसांचे असतील तर मालेगावच्या नऊ वर्षांच्या मुलीचं नुकसान ठरलेलंच. मुलांचा आवाज उंच असतो आणि घशापासून ओठांपर्यंतची पोकळी लहान, त्यामुळे मोठ्यांवर शिकलेली प्रणाली त्यांच्या बाबतीत जास्त चुकते. शिवाय पंखा, रिक्षा, शेजारचा टीव्ही. अमेरिकेत २०२० मध्ये पाच बड्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी शंभर शब्दांमागे १९ चुका आढळल्या आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. सगळे बोलत होते इंग्रजीच. तेव्हा ॲप सरावाला वापरा, निकालाला नको.

मग आपण काय करायचं? आठ-दहा मिनिटांची एक चाचणी सांगतो. आधी वर्गातली एखादी आपा किंवा भाई मुलाशी त्याच्या भाषेत दोन मिनिटं गप्पा मारेल आणि पुढे काय होणार ते सांगेल. मग चार कामं.

एक, इंग्रजीत सूचना द्या, ‘पुट द रेड पेन अंडर द बुक’. मुलाने काही बोलायचं नाही, फक्त करायचं. ऐकलेलं समजतं का ते इथे कळतं. दोन, बाजाराची जवळजवळ सारखी दोन चित्रं दाखवा आणि फरक सांगायला सांगा. चित्रं आपणच काढायची, हातगाडी आणि बकरी असलेली, म्हणजे अनोळखी गोष्टीमुळे मूल अडणार नाही. तीन, चार चित्रांची गोष्ट. पहिलं चित्र तुम्ही सांगा, पुढची तीन मूल सांगेल. चार, मुलाने तुम्हाला तीन प्रश्न विचारायचे. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण आपली मुलं वर्षानुवर्षं फक्त उत्तरं देतात.

मूल अडलं तर पायरीने खाली या. ‘व्हाय इज द बॉय क्राइंग?’ जमलं नाही, तर ‘इज ही हॅपी ऑर सॅड?’ तेही नाही, तर ‘इज ही सॅड?’ शेवटी नुसतं ‘पॉइंट टु द बॉय’. कोणत्या पायरीवर उत्तर आलं ते लिहून ठेवा. ‘येत नाही’ यापेक्षा ती नोंद कितीतरी उपयोगाची.

गुण तीन रकान्यांत, प्रत्येकी शून्य ते तीन. बोललेलं समजलं का, शब्द आणि वाक्यं कितपत जुळवली, आणि संवाद चालू ठेवला का. मुलाने ‘से अगेन, प्लीज’ म्हटलं तर संवादाचा गुण वाढवा, कमी करू नका. ‘देअर इज अ... वो क्या बोलते... गधा’ असं म्हणून ते पुढे गेलं, तर शब्द अडला पण मूल अडलं नाही, हेही लिहा.

दोन जणांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. त्यातला एक दुसऱ्या वस्तीतला, ज्याला मुलाचं नाव माहीत नाही, फक्त ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं. एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर दोघांनी पुन्हा ऐकायचं. ध्वनिमुद्रणाआधी पालकांची परवानगी घ्या आणि काम झालं की ते पुसून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचा अडखळतानाचा आवाज टाकणं, हे कायदा नसता तरी करू नये.

निकाल आकड्यात सांगू नका. आईला सांगा, ‘तुमची मुलगी चित्र पाहून आपणहून चार-पाच वाक्यं बोलते. कालची गोष्ट सांगताना ‘वेंट’च्या जागी ‘गो’ म्हणते. पुढचे तीन महिने रोज तिला काल काय झालं ते विचारू.’ तुलना तिच्या तीन महिन्यांपूर्वीच्या बोलण्याशी करायची, शेजारणीच्या मुलीशी नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या संस्थांबद्दल. शिक्षणहक्क कायद्याचं १३ वं कलम प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. म्हणजे आपल्याच समाजाच्या शाळेने एखाद्या अम्मीला इंग्रजीत प्रश्न विचारून, तिला उत्तर आलं नाही म्हणून मुलाला नाकारलं, तर हे कलम तिच्या मदतीला येत नाही. तिथे बोलायचं कोणी? आपणच. अशा शाळांच्या विश्वस्तांना भेटून सांगू या की बोलण्याची चाचणी प्रवेशानंतर घ्या, कुठून शिकवायला सुरुवात करायची हे कळण्यासाठी. दार बंद करायला ती वापरू नका.

पुढच्या रविवारी प्रत्येक वर्गाने पाच मुलांची चाचणी घ्यावी आणि शेजारच्या वर्गाकडे ऐकायला द्यावी. चित्रं काढायला कोण येणार, ते आता ठरवू.