पत्र कोणाचे, हुकूम कोणाचा?



या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात पुष्कळ झाले. जे वाचले ते रात्रपाळी आटोपल्यावर वाचले. तेव्हा ई-मेलने होणाऱ्या फसवणुकीवर बोला, असे चालकांनी सांगितले, त्या वेळी कोणीतरी शंका काढलीच, की हा विषय संगणकाच्या जाणकाराचा. कामगार संघटनेच्या माणसाचे तिथे काय काम?

काम आहे, असे आमचे म्हणणे आहे. या फसवणुकीत यंत्र फार थोडे असते. ती उभी असते माणसाच्या आज्ञाधारकपणावर. वरून हुकूम आला की मान खाली घालायची, 'ताबडतोब' हा शब्द दिसला की विचार थांबवायचा, आणि चूक झालीच तर लाजेने गप्प बसायचे, या तीन सवयी ठकाला आयत्या मिळतात. आलेला हुकूम कोणाचा आहे हे विचारायला माणसाला शिकवणे, हाच आमचा आजवरचा उद्योग. म्हणून आज आम्ही येथे उभे आहोत.

या फसवणुकीला इंग्रजीत 'फिशिंग' म्हणतात. मासे धरण्याच्या शब्दावरूनच तो १९९० नंतरच्या दशकात निघाला. गळ टाकायचा आणि वाट पाहायची. लाख पत्रे सोडायला खर्च जवळजवळ नाही. त्यांतून पाचपन्नास मासे लागले तरी ठकाचे भागते. हा गळ नीट न्याहाळला तर त्याचे तीन भाग दिसतात : सोंग, घाई आणि चोरवाट.

सोंग म्हणजे पत्र कोणाच्या नावाने आले ते. बँक, प्राप्तिकर खाते, भविष्यनिर्वाह निधीचे कार्यालय, वीज कंपनी, कुरिअरवाला, नाहीतर तुमचेच साहेब. पत्रावर दिसणारे नाव कोणालाही हवे ते लिहिता येते. पाकिटाच्या मागे 'प्रेषक : कलेक्टर' असे लिहायला कलेक्टर व्हावे लागत नाही, तसेच हे. घाई म्हणजे 'चोवीस तासांत खाते बंद होईल', 'आज रात्री वीज तुटेल', 'परतावा मिळण्याची शेवटची तारीख आजच'. आणि चोरवाट म्हणजे पत्रातली ती निळ्या अक्षरांची ओळ, जिच्यावर बोट ठेवले की बँकेच्या दारासारखे दुसरेच दार उघडते, किंवा पत्राला जोडलेली अशी फाईल, की जी उघडताच चोर घरात शिरतो.

ही वाट ओळखण्याची एक खूण आम्ही आमच्या सभासदांना सांगतो. आपल्या मराठी माणसाचे आडनाव शेवटी येते. इंटरनेटवरच्या पत्त्याचेही तसेच आहे. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवटी काय आहे ते बघा, मालक तो. सुरुवातीला तुमच्या बँकेचे नाव ठळक असेल, पण शेवटी भलतेच नाव आणि 'डॉट कॉम' असेल, तर मुलाचे नाव ओळखीचे आणि घराणे परक्याचे, असे समजा. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली आपल्या देशातील बँकांना 'बँक डॉट इन' हे आडनाव घ्यायला लावले, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. सरकारी कचेऱ्यांचे आडनाव 'गव्ह डॉट इन'. पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. रस्त्यात कोणी तुमचे बोलणे ऐकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे बसलेला साव की चोर, हे ते सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, फसतात ते अडाणी लोक. हा समज आधी मोडला पाहिजे, कारण त्यानेच शिकलेले लोक फसतात. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातील एव्हाल्दास रिमाशाउस्कस या इसमाने गुगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांना मिळून १२ कोटी डॉलरांहून अधिक रकमेला फसवले. त्याने काय केले? या कंपन्या ज्या तैवानी कारखान्याकडून माल घेत, त्याच नावाची दुसरी कंपनी त्याने लॅटव्हियात नोंदवली आणि खोटी बिले ई-मेलने पाठवली. हिशेबखात्याने नेहमीचे नाव पाहून पैसे भरले. २०१९ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. सारे जग ज्यांची यंत्रे वापरते, त्यांच्याच घरात ही गोष्ट घडली, मंडळी!

दुसरे उदाहरण शेजारच्या बांगलादेशाचे. तेथील मध्यवर्ती बँकेचे पैसे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत असत. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी, बँकेच्याच नावाने, सुमारे ९५ कोटी डॉलर दुसरीकडे वळवण्याचे हुकूम सोडले. दिवसही कसा निवडला पाहा : गुरुवारची रात्र, शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कमध्ये सुट्टी, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. बहुतेक हुकूम अडले, पण १० कोटी १० लाख डॉलर निघून गेले. त्यांपैकी २ कोटी श्रीलंकेकडे चालले होते. तेथे 'फाउंडेशन' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग चुकले म्हणून मधल्या बँकेने विचारणा केली आणि ते परत मिळाले. उरलेले ८ कोटी १० लाख मनिलाला पोचले आणि त्यांतील बहुतेक जुगाराच्या अड्ड्यांत मुरले.

या चोरीची सुरुवात कशी झाली? अमेरिकेच्या न्यायखात्याने २०१८ साली दाखल केलेल्या फिर्यादीत म्हटले आहे, की २०१५ च्या आरंभी त्या बँकेतील नोकरांना काही ई-मेल आले. कोणी एक तरुण नोकरी मागत होता. आपली माहिती या दुव्यावर पाहावी, अशी नम्र विनंती होती. कोणी ती उघडली. एका गरजू उमेदवाराच्या अर्जाचे सोंग घेऊन चोर आत आला आणि वर्षभर दबा धरून बसला.

एक अक्षर चुकले म्हणून २ कोटी वाचले, हे खरे. पण 'अशुद्ध भाषा दिसली की पत्र खोटे' या खुणेवर आता विसंबता येणार नाही. आज यंत्रेच शुद्ध मराठी लिहून देतात. चोराची मराठी आपल्यापेक्षा चांगली असू शकते! म्हणून अक्षर तपासण्याऐवजी हुकूम तपासावा, हे आमचे सांगणे.

हुकूम तपासण्याची ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज काढून जाळले. त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हा योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शेतकऱ्याचे दुःख काय होते? कागदावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते आणि अंगठा मात्र त्याचा होता. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. कागद म्हणतो म्हणून खरे, हे चालणार नाही, असे कायद्याने मान्य केले. आजचा ओटीपी म्हणजे आपला अंगठाच आहे. तो कोणाच्या कागदावर उठतो आहे हे पाहण्याचा अधिकार आपण प्रत्येकाने बजावला पाहिजे.

आणि येथेच आमचे खरे गाऱ्हाणे आहे. एका कारखान्यात हिशेबखात्यातील एका कारकून बाईंना मोठ्या साहेबांच्या नावाने ई-मेल आला : 'मी बैठकीत आहे, फोन करू नका, या खात्यावर ताबडतोब पैसे पाठवा.' बाईंनी पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी सोंग उघडे पडले आणि बाईंच्या हातात आरोपपत्र पडले : निष्काळजीपणा. चौकशीत आम्ही एकच प्रश्न विचारला, "साहेब, तुमचा हुकूम आला असता या बाईंनी उलट फोन करून खात्री करावी, असा नियम तुमच्याकडे कुठे लिहिला आहे? आणि याआधी ज्यांनी असा फोन केला, त्यांना तुम्ही काय उत्तर दिलेत?" समोरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. कारण याआधी फोन करणाऱ्याला 'सांगितले तेवढे करा' असेच ऐकावे लागले होते! जिथे प्रश्न विचारणे हा गुन्हा ठरतो, तिथे ठकाला वेगळे कष्ट पडत नाहीत. निम्मे काम व्यवस्थापनाने आधीच करून ठेवलेले असते. ते आरोपपत्र शेवटी मागे घेतले गेले आणि तेथे नियम झाला : ठरलेल्या रकमेवरील कोणताही भरणा दोघांच्या सहीशिवाय आणि माहीत असलेल्या क्रमांकावर फोन केल्याशिवाय होणार नाही. असा नियम प्रत्येक कचेरीत, पतपेढीत, शाळेत आणि सहकारी सोसायटीत हवा, ही आमची मागणी आहे.

गळाच्या दुसऱ्या टोकाकडेही पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ साली अंदाज केला, की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसांना जबरदस्तीने ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेले असावे. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने थायलंडमार्गे ५०० हून अधिक भारतीयांना विमानाने परत आणले. चांगल्या पगाराच्या नोकरीच्या आमिषाने त्यांना नेले होते. आधी स्वतः गळाला लागायचे आणि मग दुसऱ्यासाठी गळ टाकायचा, अशी ही वेठबिगारी. प्रत्येक ठक असा नसतो. पण परदेशातील नोकरीचा ई-मेल घरातल्या मुलाला आला, तर ही गोष्ट त्याला जरूर सांगा.

मग करावे काय? फार नाही. पत्रातल्या वाटेने बँकेत जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा, किंवा पासबुकावर अगर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करा. पत्रात दिलेल्या क्रमांकावर केलेला फोन चोरालाच लागतो. पिन, पासवर्ड, ओटीपी हे कोणतीही बँक, कोणतेही खाते ई-मेलने मागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन मागणारा चोर समजावा. आणि घाई दिसली की दुसऱ्या माणसाला पत्र दाखवा. शेजारी, सून, मित्र, कोणीही चालेल. एकट्याला गाठायचे हा ठकाचा डाव आहे. दुकटे होणे हा त्यावरचा तोडगा.

आणि पैसे गेलेच तर? त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, आणि तो ई-मेल पुसून टाकू नका. तो पुरावा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली संगणकावरून तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने तर वेळेलाच महत्त्व दिले. दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा प्रकारात, सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर तोशीस नाही. आणि गुप्त क्रमांक आपणच दिला असला, तरी कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे, असे तत्त्व त्यात घातले गेले. म्हणजे तोंड उघडण्याला पैशांत मोजता येईल अशी किंमत आहे. तरीही कितीतरी माणसे बोलत नाहीत. घरचे काय म्हणतील, लोक हसतील, म्हणून निवृत्त शिक्षक, पेन्शनर, गृहिणी आतल्या आत कुढत राहतात आणि तोच गळ दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दारात पडतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण खरी व्हायची, तर पुढच्याने 'ठेच लागली' असे ओरडले पाहिजे आणि मागच्याने हसता कामा नये.

संघटना म्हणजे तरी दुसरे काय असते? एकाला लागलेली ठेच सगळ्यांचे शहाणपण व्हावे, यासाठीच माणसे एकत्र येतात. तेव्हा उद्या कोणी आपल्याकडे येऊन म्हणाला, की मी फसलो, तर त्याला आधी बसायला खुर्ची द्या, मग १९३० ला फोन लावून द्या, आणि उपदेश परवावर ठेवा.