जलशानें राज्य पालटतें काय ?



गाण्यानें राजकारण बदलतें काय, हा आजचा प्रश्न आहे. कित्येक विद्वान् म्हणतात, गाणें ही निव्वळ करमणूक. उलट कांहीं तरुण म्हणतात, एक दमदार पोवाडा शंभर सभांचें काम करितो. आमच्या मतें दोघेही अर्धेंच बोलतात.

जोतीराव फुल्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. पुढें त्याचा उपदेश खेड्यापाड्यांत कोणीं नेला ? एकट्या पुस्तकांनीं खास नव्हे. बहुजनांस अक्षरओळख होती कोठें? तो नेला जलशांनीं. ढंग तमाशाचाच, ढोलकी तीच. परंतु गणांत निर्मिकाचें स्तवन आणि वगांत सावकाराचा दस्तऐवज, भटजीची दक्षिणा, मुलांची शाळा. ऐकणारास दुसरे दिवशीं करण्याजोगें काम मिळे : लग्न पुरोहितावांचून लावा, अंगठा उठविण्यापूर्वीं कागद वाचवून घ्या, पोरीला शाळेंत घाला. गाण्याचा खरा जोर ह्या कामांत होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर ह्या शाहिरांनीं डफावर थाप मारून माणसें उठविलीं. परंतु उठलेल्या माणसांस हातीं धरावयास १९५६ सालीं स्थापन झालेली समिति होती. म्हणूनच १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसला जबर मार बसला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें.

मग बेळगांव-निपाणीचें काय ? त्यांच्यासाठीं कमी तळमळीनें का गाइलें गेलें ? तेथील मराठी जनतेनें आपले उमेदवार पुन्हां पुन्हां निवडून दिले. तरी तो मुलूख आजही कर्नाटकांतच आहे. कारण निवाडा तिच्या मतावर अवलंबून नव्हता. गाणें माणसाला जागें करितें, मताला धार आणितें; जेथें त्या मताला किंमत नाहीं, तेथें एकटें गाणें हात टेकतें.

आतां आपल्या घरचें पाहूं. जयंती आली कीं भिंती हादरतील एवढे ध्वनिक्षेपक लागतात. थोर पुरुषांचीं नांवें घेऊन पोरें पहाटेपर्यंत नाचतात, आणि दुसरे दिवशीं गांव होतें तेथेंच असतें ! वर्गणी दिली शेतमजुरानें, ती गेली भाड्यांत. नाचण्यास आमची हरकत नाहीं. पण त्या गाण्यानें पोरांस उद्यांचें काम कोणतें सांगितलें?

बंधूंनो, येत्या जयंतीस निम्मी वर्गणी जलशाच्या फडास द्या. जलसा संपतांच तेथेंच सतरंजीवर बसून मतदारयादींत राहिलेलीं नांवें लिहून घ्या, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्या. असें कराल तर गाणें राज्य पालटील. नाहीं तर रात्र तेवढी सरेल.