पासून आणि पर्यंत

वेळेचे इंग्रजी शब्द आपल्या गिरगाव-परळात कधीच घरचे झाले. दादरच्या फलाटावर कुणीही सांगेल, 'आठ बेचाळीसची फास्ट गेली, आता स्लो धरा.' गाडी ती, म्हणून फास्टही ती. गिरणीत दिवसपाळी-रातपाळी होतीच, तरी 'फर्स्ट शिफ्ट' आली आणि ओव्हरटाइमचं 'ओटी' झालं. नामांना आपण लिंग दिलं, विभक्ती लावली. ती मुकाट नांदली.

अडतं ते बारक्या शब्दांपाशी. १९८२च्या गिरणी संपात, जून महिन्यात, लालबागचा कामगार म्हणाला असता, '१८ जानेवारीपासून संपावर आहे, पाच महिन्यांपासून पगार नाही.' आपल्याला दोन्हीकडे 'पासून' पुरतं. इंग्रजीला पहिल्या जागी 'सिन्स' लागतो, दुसऱ्या जागी 'फॉर'. आपण सर्रास 'सिन्स फाइव्ह मंथ्स' म्हणून मोकळे होतो. यावर सोपा उपाय आहे: 'पासून' काढून बघा. 'पाच महिने पगार नाही' हे चालतं, तिथे फॉर. '१८ जानेवारी संपावर आहे' हे कानाला खटकतं, तिथे सिन्स. नियम पाठ करण्यापेक्षा आपल्या कानावर भरवसा ठेवलेला बरा.

'पर्यंत'चंही तसंच. १ जानेवारी १९०६ला देशात स्टँडर्ड टाइम लागू झाला, पण त्याच्या ३९ मिनिटं मागे असलेला 'मुंबई टाइम' या शहरात १९५५पर्यंत चालला. (भेट ठरवताना 'कुठल्या टाइमाने?' हे विचारावंच लागत असणार!) हा 'पर्यंत' म्हणजे 'टिल', तोवर चालूच राहिला. पण 'शुक्रवारपर्यंत अर्ज द्या' इथे 'बाय' हवा. 'टिल फ्रायडे' लिहिलंत, तर साहेबाला वाटेल, हा गडी शुक्रवार उजाडेतो रोज अर्ज देणार. इथेही कान लावा: 'शुक्रवारच्या आत' असं म्हणता येत असेल, तर बाय.

आता इंग्रजीची फजिती. आपला 'परवा' मागेही जातो, पुढेही. काळ कुठला ते क्रियापद सांगतं. घरी बसून दोन वाक्यं इंग्रजीत उतरवून बघा: 'मी परवापासून रजेवर आहे' आणि 'मी परवापासून रजेवर जातोय'. मराठीत 'परवापासून' तोच. इंग्रजीत मात्र दिवसही बदलेल आणि सिन्सच्या जागी 'फ्रॉम' येऊन बसेल.