वैद्यकावर बोलण्याचा अधिकार

कर्करोगावर काढा सुचवून एखाद्याची शस्त्रक्रिया लांबवणाऱ्या हौशी सल्लागाराला आवरलेच पाहिजे. पण म्हणून वैद्यकाची पदवी नसलेल्याने तोंडच उघडू नये काय? १८९७ च्या प्लेगात लोकमान्य टिळक पुण्यातच राहिले. ते कायद्याचे पदवीधर. विलगीकरणाला त्यांचा विरोध नव्हता. घरांत घुसणाऱ्या सोजिरांच्या अरेरावीला होता, आणि ते त्यांनी 'केसरी'तून ठणकावून सांगितले. नुसते लिहून न थांबता हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालयही उभारले. गंमत म्हणजे, प्लेगची लस शोधणारे हाफकिनही डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते! मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात सिद्ध केलेली ती लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.