रविवार कोणाचा?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून गेली आहेत. मी त्यांच्या पंक्तीतला नव्हे. माझी शाळा आठवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते रात्रपाळीतल्या मधल्या सुटीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा काळाविषयी तत्त्वज्ञान सांगणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. पण वेळ मोजणे हा मात्र माझा धंदाच आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या दारांत मी तीस वर्षे दोनच गोष्टींसाठी भांडत आलो: एक पगार आणि दुसरी वेळ. पगार वाढला की पेढे वाटले जातात. वेळ मिळाला, तर तो मिळाल्याचे पुढच्या महिन्यात कोणाला आठवतही नाही.

रविवारचेच पाहा. रविवारची सुटी पंचांगाबरोबरच आली, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला, तो मुलांपुरता. प्रौढ माणसाने किती तास राबावे याला त्यात मर्यादाच नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? रविवारी सुटी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, सूर्यास्ताला काम थांबवा. आज वाचताना या मागण्या किती साध्या वाटतात! तरी त्यांतल्या रविवारसाठी सहा वर्षे लागली. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती सुटी मान्य केली. त्या एप्रिलच्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या होत्या, हे कृपा करून ध्यानात ठेवा; त्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

पुढे १९११ साली कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला. १९२२ मध्ये अकरा झाले, १९३४ मध्ये दहा, १९४६ मध्ये नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. म्हणजे एकेक तास सुटावयास अकरा-बारा वर्षे लागली. आपल्या आजोबा-पणजोबांनी ही मिळकत तासातासाने जमविली आहे.

आता या मिळकतीचे आपण काय केले? दिवसाचे चोवीस तास. आठ कामाचे, आठ झोपेचे, आठ आपले, असा जुना हिशेब. १९७० साली सिडको स्थापन झाली, तेव्हा मुंबईचा भार हलका व्हावा आणि माणसाला घराजवळ काम मिळावे, हा या नव्या शहरामागचा हेतू होता. काहींच्या बाबतीत तो सफलही झाला. पण आजही पहाटे पनवेलच्या फलाटावर उभे राहून पाहा. तेथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ४९ किलोमीटर. गाडीलाच जवळजवळ सव्वा तास लागतो. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी धरा. जाऊन-येऊन तीन तास सहज होतात. आठवड्याचे अठरा तास, म्हणजे दोन पाळ्यांहून अधिक! त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. असा माणूस रात्री जेवून मोबाइल उघडतो आणि तास दीड तास तसाच जातो. मी त्याला दोष देत नाही. थकलेल्या माणसाला निवड करण्याचे बळ उरत नाही.

अशा वेळी कारखान्यातली दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याच्या प्रस्तावास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसच राहतील, असे सांगितले गेले. पण माणूस आठवड्याने जगत नाही, दिवसाने जगतो. बारा तास काम, तीन तास प्रवास, सात तास झोप; बाकी दोन. त्या दोन तासांत आंघोळ, जेवण आणि लेकराचे तोंड पाहणे!

येथवर मी मालकाचा आणि सरकारचा हिशेब मांडला. आता माझा मांडतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा तंटा होता. गेटवर कार्ड टोचल्यापासून कपडे बदलून यंत्रावर जाईपर्यंत पंधरा मिनिटे जात आणि ती कामात धरली जात नसत. आम्ही चौदा महिने भांडलो आणि ती मिळविली. त्या रात्री मी घरी मोठ्या ऐटीत ही हकीकत सांगितली. पत्नी भांडी घासत होती. ती म्हणाली, “तुमची पंधरा मिनिटं मिळाली, बरं झालं. माझी पाळी कधी सुटते, ते कुणाला विचारायचं?”

मी निरुत्तर झालो. माझी पहिली पाळी सातला असे. तिची डब्यासाठी पहाटे चारला सुरू होई. आणि रविवारी? सगळे घरी, पाहुणे घरी, गादीवरची चादरसुद्धा त्याच दिवशी धुवायची. ज्या सुटीसाठी १८९० साली दोन बायका हजारोंच्या सभेत उभ्या राहून बोलल्या, ती सुटी माझ्या घरातल्या बाईला मिळालीच नव्हती. आणि ती अडविणारा मालक मीच होतो.

ही केवळ माझ्या घरची कथा नव्हे. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे घालवितात, आणि ते करणारे पुरुष ८८. फरक तीन तासांहून अधिक. आपण पुरुष मंडळी वेळ नाही म्हणतो, तेव्हा आपल्याला जो वेळ आहे तो कोणाकडून आला, हेही पाहिले पाहिजे.

मी फार मोठे काही केले नाही. सकाळचा चहा आणि रात्रीची भांडी माझ्याकडे घेतली. पहिले काही महिने भांडी पुन्हा घासावी लागत, ही गोष्ट निराळी. तिने मात्र वाचनालयाची वर्गणी भरली, आणि आज ती माझ्याहून अधिक पुस्तके वाचते.

तुम्हांला एवढीच विनंती. घरी गेल्यावर दोन कागद घ्या. एकावर तुम्ही कालचे चोवीस तास लिहा, दुसऱ्यावर घरातल्या बाईला लिहू द्या. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. मालकाकडे मागणी जरूर करू. त्या लढ्यात मी तुमच्यापुढे असेन. पण बारा तासांच्या विरुद्ध बोलावयास गेटवर जाण्याआधी आपल्या घरातली पाळी किती तासांची आहे, हे आपल्याला ठाऊक असावे.

आपण आपल्या संध्याकाळचा एक तास मला दिलात, त्याची किंमत मी जाणतो.