मुलांतील मनोविकृती आणि आनुवंशिकता



चौदा-पंधरा वर्षांचा एखादा विद्यार्थी हळूहळू बदलू लागतो. सोबत्यांपासून दूर राहतो, कोणी नसता आवाज ऐकू येतात असे सांगतो, सारे आपल्या वाईटावर आहेत असे मानतो. गावात अशा वेळी दोनच निदाने होतात. एक, बाहेरची बाधा. दुसरे, ‘घराण्यातच वेड आहे.’ पहिल्याने मूल मांत्रिकाकडे जाते. दुसऱ्याने घरच्या मुलींची लग्ने अडतात. उपचारास मात्र दोहोंमुळे विलंब होतो.

मनोविकृती म्हणजे वास्तवाचे भान सुटणे. स्किझोफ्रेनिया हे तिचे प्रमुख रूप होय. तेरा वर्षांच्या आत ते क्वचितच आढळते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे निर्विवाद. सर्वसाधारण लोकांत शंभरांत सुमारे एकास हा विकार होतो. आईवडिलांपैकी एकास तो असल्यास मुलांत शंभरांत सुमारे दहांस होतो. परंतु हाच आकडा उलट वाचावा: अशा घरांतील शंभर मुलांपैकी सुमारे नव्वद त्यापासून मुक्त राहतात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक संशोधनात या विकाराशी निगडित 287 जनुकीय स्थाने आढळली. त्यांतील प्रत्येकाचा प्रभाव अल्प असतो. सारांश, ‘वेडाचे बीज’ असे एकच काही नसते.

क्वचित मात्र एकच दोष मोठा ठरतो. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा ज्यांच्यात नसतो, अशांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यास पुढे मनोविकृती होते. हृदयाचा जन्मजात दोष, टाळूचा दोष, नाकातून येणारे बोलणे, अभ्यासातील अडचणी ही त्याची काही चिन्हे. बहुतेकदा हा बदल त्या मुलातच प्रथम घडलेला असतो. आईबापांत तो नसतो.

दुसरे उदाहरण विल्सनच्या विकाराचे. 1912 साली त्याचे सविस्तर वर्णन झाले. एका सदोष जनुकामुळे शरीरातील जादा तांबे बाहेर न पडता यकृतात व मेंदूत साचते. घरातील तांब्याच्या भांड्यांमुळे हा विकार होत नाही. हस्ताक्षर बिघडते, हात कापतो, बोलणे अडखळते, स्वभाव पालटतो. कधी भ्रमही होतात. मातापिता दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो. म्हणून जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो. औषधांनी हे तांबे काढता येते आणि वेळीच उपचार झाल्यास पुष्कळ मुले सुधारतात. प्रत्येक सख्ख्या भावंडास हा विकार असण्याची शक्यता चारांत एक असते; त्यांची तपासणी केल्यास लक्षणांपूर्वीच तो आवरता येतो.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. बदल ओळखणे हे आहे. गतवर्षीची वही व आजची वही शेजारी ठेवून पाहावी. बदलाची तारीखवार नोंद करावी. पालकांशी एकांतात बोलावे. वर्गात चर्चा होऊ देऊ नये. शालेय आरोग्य तपासणीच्या पथकास ती नोंद दाखवावी. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आळशी म्हणून ज्याला छडी बसली असती, त्याची बिघडत गेलेली वही डॉक्टरांपुढे पहिला पुरावा ठरू शकते. ती शिक्षकाच्याच हाती असते.